भाऊबीज, ईद आणि गिरणीचा भोंगा

सांगलीतल्या ज्या तेलगिरणीत मी सात वर्षं फाटकावर हजेरी कारकून होतो, तिच्या भोंग्याबद्दल मी बोलायला लागलो की ऐकणारे त्यातलं निम्मं सोडून देतात. खुशाल सोडावं. उरलेलं निम्मं गाडीत भरलं तरी बैल बसेल.

भोंगा पितळेचा होता. बॉयलरच्या खोलीच्या छपरावर उभा, माझ्या छातीला लागेल एवढा उंच. तो सुटला की कृष्णेतले मासे पलीकडच्या काठाला जाऊन चिकटत. माझे मामा रहिमतपूरला राहायचे, म्हणजे इथून आगगाडीनं अर्धा दिवस. त्यांनी एकदा मला कार्ड टाकलं, ‘काल तुमचा भोंगा जरा उशिरा ऐकू आला, सर्व कुशल आहे ना?’ ते कार्ड मी जपून ठेवलं होतं. पुढं पुरात गेलं. म्हणून तर लोकांना सोडायला सोपं जातं.

पण खरी करामत भोंग्याची नव्हती, तो ओढणाऱ्या हाताची होती. बॉयलरवर एक म्हातारा होता, मिरजेकडचा. दाढी मेंदीनं लाल केलेली आणि भुवया भट्टीनं जाळलेल्या. सगळी गिरणी त्यांना चाचा म्हणायची. मुकादमही चाचा म्हणायचा, आणि मुकादमाचा बापही, जो चाचांपेक्षा वयानं चांगला थोरला होता. भोंग्याची साखळी बॉयलरच्या खोलीत लोंबायची. दुसऱ्या कुणी ती ओढली की भोंगा नुसता ओरडायचा. चाचांनी ओढली की बोलायचा. सकाळचा भोंगा दटावणीचा, ‘उठा रं, ऊन आलं ढुंगणावर.’ दुपारचा मायेचा. संध्याकाळचा असा सैल, की तो ऐकताना पोती वाहणारे हमाल उभ्या उभ्या अंग टाकत.

आणि वर्षातून एकदा दिवाळीचा भोंगा. नरकचतुर्दशीला गिरणी बंद असायची. तरी चाचा पहाटे येऊन भट्टी पेटवायचे, वाफ धरायचे आणि उजाडायच्या आधी साखळीला हात घालायचे. तो भोंगा पोटातून निघायचा, चढत चढत पार वर जायचा, आणि वरून असा उतरायचा की कुठं संपला ते कुणालाच सांगता यायचं नाही. अर्ध्या सांगलीची अभ्यंगस्नानं त्या भोंग्यावर व्हायची. ‘झाला गं चाचांचा भोंगा, पाणी उपस,’ असं बायका एकमेकींना ओरडून सांगायच्या. गिरणीची गावाला दिवाळीची शुभेच्छा म्हणजे हा भोंगा. दुसरं कार्ड नाही, काही नाही. अकरा वर्षं हे चाललं होतं. शुभेच्छा देणारा हात मुसलमानाचा आहे आणि त्याच्या ईदेला मात्र कुणी भोंगा वाजवत नाही, हे अकरा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि माझ्या डोक्यात तेव्हा जागा पुष्कळ होती.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत एकदा असं झालं, की रमजान सरायला आणि दिवाळी लागायला एकच गाठ पडली.

त्याच वर्षी आम्हाला नवीन साहेब आले होते, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. त्यांना शिस्त आणि शांतता एवढ्या दोनच गोष्टी हव्या होत्या, आणि नेमक्या त्या दोन्ही शेंगांच्या गिरणीत पिकत नाहीत. कोळशाच्या वाघिणी लष्कराकडं जात होत्या. साहेबांनी फर्मान काढलं, कामाच्या वेळा सोडून भोंग्यासाठी वाफ करायची नाही. माणसं गेली गाऱ्हाणं घेऊन. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “ठीक. सणाच्या आठवड्यात जादा भोंगा एक. फक्त एक. दिवाळीला वाजवा नाहीतर ईदेला वाजवा. आपापसांत ठरवा आणि कारकुनामार्फत मला कळवा.”

आपापसांत ठरवा! माझ्या ओळखीत या दोन शब्दांनी जेवढी डोकी फुटलीत, तेवढी काठ्यांनी फुटली नसतील.

एका बाजूला मुकादम. कुस्ती सोडलेला गडी, मान म्हणून नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. “दिवाळीचा भोंगा अकरा वर्सं हाय. रीत म्हंजे रीत. नवं काय काढू नका.”

दुसऱ्या बाजूला तेलाच्या डब्यांचे सांधे कथलानं झाळणारा एक तरणा मुसलमान. अंगानं काडी, पण जिभेला त्याच्या हातातल्या झाळायच्या खिळ्यासारखाच चटका. त्याचंही म्हणणं सरळच. “अकरा वर्सं चाचांनी तुमची दिवाळी वाजीवली. एक डाव त्यांची ईद वाजू द्या की. तुमची आंघूळ काय भोंग्याबिगर हुईत न्हाई व्हय?”

“आंघूळ हुती. पर तुजं त्वांड आवरत न्हाई.”

झालं. दुसऱ्या दिवशीपासून गिरणीत नमस्कारांची लढाई सुरू झाली. आधी काय व्हायचं, मुकादम आत येताना झाळणाऱ्याला ‘सलाम रं’ म्हणायचा आणि तो ‘राम राम मुकादम’ म्हणायचा. कुणाचं कुणाकडं गेलं, याचा हिशेब नव्हता. आता ज्यानं त्यानं आपापलं परत घेतलं. मुकादम फाटकातून शिरताना छाती फुगवून ‘राऽऽम राम’ ठोकायचा, की डब्यांच्या शेडमधून ‘सलाम आलेकूऽऽम’ यायचा. मग हमालांनी एकीकडून उचललं, डबेवाल्यांनी दुसरीकडून. काट्यावर पोती मापणारा एक लिंगायत आप्पा होता, गरीब माणूस. पण दोन्हीकडून मारा होतो म्हटल्यावर तोही मधेच उठून ‘शरणु शरणार्थी’ म्हणून गरजायला लागला. तिसऱ्या दिवशी त्या आरोळ्यांनी शेंगा आपोआप फुटायला लागल्या. यंत्र बंद ठेवलं तरी चाललं असतं.

साहेबांना शांतता हवी होती. त्यांनी माझ्याच हातून नोटीस लिहवून फाटकावर डकवली: गिरणीच्या आवारात कोणीही कोणत्याही धर्माचे अभिवादन उच्चारू नये. आणखी एकदा तंटा झाल्यास भोंगा कायमचा उतरवून त्या जागी विजेची घंटा बसवण्यात येईल.

ही नुसती धमकी नव्हती. घंटा मुंबईहून येऊनही पडली होती. लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळलेली, माझ्याच टेबलाखाली. मी पाय लांब केले की लागायची.

नोटिशीनंतर तीन दिवस गिरणीत अशी शांतता झाली की भीती वाटावी. माणसाला माणूस भेटतो आणि काहीच म्हणत नाही, हे किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी लोक नुसतं बघून जात. दुसऱ्या दिवशी खाकरायला लागले. तिसऱ्या दिवशी खाकरण्यातही तट पडले. मुकादमाची माणसं एकदा खाकरत, डबेवाले दोनदा. आप्पाला खरंच खोकला झाला होता. त्याला दोन्ही बाजूंनी विचारणा झाली, की तू नक्की कुणाचा?

या सगळ्यात चाचा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचे रोजे चालू होते. ऑक्टोबरचं ऊन बाहेर, भट्टी आत, आणि हा म्हातारा दिवसभर थेंबभर पाणी न पिता तिच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा. मी एकदा दाराशी गेलो तर माझ्या मिशीचे केस वळले. चाचांच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता. यायला आत पाणी तर हवं! मी जन्मभर फुशारक्या मारल्या, पण त्या दारात उभा राहिलो की माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही असं वाटायचं. आणि माझ्या टेबलाखालची घंटा उद्या त्यांच्या छपरावर चढली, तर या हातांना करायला काय उरेल? ज्याला त्याला आपला सण दिसत होता. म्हाताऱ्याची साखळी जात होती, ती कुणाला दिसत नव्हती.

मला दिसत होती म्हणता? तर ऐका मी काय केलं ते.

साहेबांना निकाल मीच कळवायचा होता. पहिल्यांदा मुकादम आला फाटकावर, दोन्ही मुठी टेबलावर ठेवून. त्या मुठींखाली माझं हजेरीबुक दिसेनासं झालं.

“काय कारकून? कुनाचं ठरलं?”

मी मुठींकडं बघितलं. “तुमचंच की. दुसरं कुनाचं ठरणार?”

तासाभरानं झाळणारा आला, खिळा तापलेलाच हातात घेऊन. “आमचं काय झालं?”

मी खिळ्याकडं बघितलं. “झालं म्हणून समज.”

मला वाटलं, दोन-चार दिवसांत काहीतरी निघेल. निघालं एवढंच, की मुकादमानं घरोघर सांगितलं, ‘चतुर्दशीला भोंगा हाय’. आणि झाळणाऱ्यानं मोहल्ल्यात सांगितलं, ‘चांद दिसला की भोंगा हाय.’ वाफ एकाची, आणि वचन दोघांना. नरकचतुर्दशी दोन दिवसांवर आलेली. तंटा होणार हे नक्की, आणि तंटा झाला की खोकं उघडणार.

मी चाचांकडं गेलो आणि सगळं ओकलो. त्यांच्यासमोर खोटं बोलायचं म्हणजे भट्टीत कागद धरायचा.

चाचांनी फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, “कारकून, तुमची दिवाळी सरती कवा?”

“भाऊबीजेला.”

“त्या रोजी बहिनी कवा ओवाळत्यात?”

“दिवेलागणीला. चांद दिसला की आधी चांदाला ओवाळायचं, मग भावाला.”

“अन् आमी कुनाला बगायला छपरावर चढतो?”

चांदालाच की. अमावास्येनंतरची कोर. बिजेची कोर. माझ्या वयाची तीस वर्षं झाली होती, आणि तोवर माझ्या आभाळात दोन चंद्र होते. एक भाऊबीजेचा, तो आमच्या आळीवरून निघायचा. एक ईदेचा, तो मोहल्ल्याच्या मागून. हे दोन्ही एकच असतील अशी शंकासुद्धा कधी आली नव्हती. त्या दुपारी बॉयलरच्या दारात माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या उष्म्यात काटा आलेला मी जगातला पहिलाच माणूस असेन.

दुपारच्या सुट्टीत चाचा पहिल्यांदाच लिंबाखाली आले, जिथं सगळे भाकऱ्या सोडून बसायचे. माझी लबाडी त्यांनी सांगितली नाही. एवढंच म्हणाले, की भोंगा एकच, तर तो भाऊबीजेच्या सांजेला, चांद दिसल्याबरोबर. दोघांचा एकदम.

मुकादमानं तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, “म्हंजे चतुर्दशीची पहाट सुनीच?”

“एक डाव,” चाचा म्हणाले. “तुमची बहीन येनार न्हवं औंदा?”

मुकादमाला एकच बहीण. खंडाळ्याकडं दिलेली. सासरच्या अडचणींमुळं चार वर्षांत भाऊबीजेला आली नव्हती. औंदा यायची होती. तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. “ठीक हाय. पर भाऊबीज म्हंजे त्याच दिशी. दुसऱ्या दिशी वाजीवला तर तो आमचा न्हवं.”

रोज्यामुळं नुसता सावलीला बसलेला झाळणारा म्हणाला, “अन् चांद डोळ्यांनी दिसल्याबिगर न्हाई. पंचांगात आला म्हणून न्हाई. खोटा चांद वाजला तर उद्याचा रोजा सगळ्या गावाचा बुडंल.”

दोन्ही अटी रास्त. आणि दोन्ही एकत्र धरल्या तर आभाळात ढग यायला नको होता, एवढंच. मी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी चार टोपल्या कोळसा दिला. एक भोंगा होईल एवढाच. वर म्हणाले, “हाही वाया गेला किंवा तिथं भांडण झालं, तर दुसऱ्या दिवशी घंटा बसेल.”

चतुर्दशीची पहाट भोंग्याशिवाय उजाडली. खोटं सांगत नाही, त्या दिवशी अर्धी सांगली दुपारी बारापर्यंत झोपली. माझ्या शेजारच्या घरी अंगाला तेल लावून बसलेला एक माणूस भोंग्याची वाट बघत तसाच बसला होता. त्याला लक्ष्मीपूजनाला घासून काढावा लागला.

आणि मग भाऊबीजेची सांज. इथून पुढं मी काही वाढवून सांगणार नाही, कारण वाढवायला जागा नाही.

गिरणीच्या गोदामाला मोठी गच्ची होती. माणसं दिवस बुडायच्या आधीच चढली. एका अंगाला हमालांच्या घरच्या बायका, ताटात निरांजन, सुपारी, कापूस घेऊन; त्यांत मुकादमाची बहीण, ठेंगणी, जरीच्या काठाचं लुगडं नेसलेली. दुसऱ्या अंगाला झाळणारा आणि मोहल्ल्यातली पंधरा-वीस माणसं. मधे मोकळी जागा, बैलगाडी जाईल एवढी. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. नोटीस अजून फाटकावर होती.

चाचा खाली. बॉयलरच्या खोलीतून आभाळ दिसत नाही. मी जिन्यात, वरचं खाली आणि खालचं वर सांगायला. दिवस बुडाला. चाचांनी चार शेंगदाणे तोंडात टाकून पाण्याचा घोट घेतला आणि वाफेच्या काट्यावर नजर लावली. काटा भरात होता.

पश्चिमेला ढगाची पट्टी. पातळ, पण आडवी. माणसं टाचा वर करून बघतायत. वेळ चालला. चांद नाही.

“काटा उतरतोय,” चाचा खालून म्हणाले. कोळसा संपला होता.

मी वर ओरडलो, “वाफ जातीया!”

मुकादम जिना उतरला, गोदामात गेला आणि शेंगांच्या टरफलांचं पोतं खांद्यावर टाकून बॉयलरपाशी आणून आपटलं. आमच्या भट्टीला टरफलंही चालायची. कोळसा नसला की तीच. त्याच्यामागून त्याचे हमाल आले. पोत्यामागून पोतं. झाळणाऱ्याची माणसं बघत राहिली आणि मग त्यांतलेही दोघं उतरले. काटा थांबला, मग जरा चढला. मला वाटलं, जिंकलो.

आणि तेवढ्यात गच्चीवरून झाळणारा किंचाळला, “आरं धूर! धूर बंद करा!”

मी वर धावलो. टरफलांचा धूर कसा असतो हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं पाहू नये. चिमणीतून काळा-पिवळा लोट निघाला होता आणि वारा नसल्यामुळं नेमका पश्चिमेला आडवा पसरला होता. एक ढग होताच, त्यापुढं आम्ही आमचा दुसरा ढग बांधला होता! एवढी हुशारी दुसऱ्या कुठल्या गिरणीत झाली नसती. वाफ हवी तर चांद दिसत नाही. चांद हवा तर वाफ राहत नाही.

“घालू नगा आता,” माझ्यामागं वर धावत येऊन झाळणाऱ्याशेजारी उभा राहिलेला मुकादम खालच्यांना म्हणाला.

“मग वाफ?”

“जाऊ दे. आदी आभाळ हू दे मोकळं.”

भट्टीचं दार लावलं. सगळे उभे राहिले. साहेब तेव्हाच आले. धूर बंगल्यावरून दिसला होता, म्हणून रागानं चालत आले होते. जिना चढले, तोंड उघडलं, आणि समोर शे-दोनशे माणसं माना वर करून एका जागी बघतायत हे पाहून त्यांनीही मान वर केली. ओरडायचं राहूनच गेलं.

धूर हळूहळू फाटला. ढगाची पट्टीही सरकली. आणि बायकांतून मुकादमाच्या बहिणीचा आवाज आला, “दादा, त्यो बग.”

“कुठं?”

“चिमनीच्या अंगाला. लिंबाच्या वर.”

मुकादमानं डोळे बारीक केले. मी त्याच्याशेजारी होतो. मला दिसला नाही, झाळणाऱ्यालाही नाही. खालून चाचांचा आवाज, “काटा लय खाली आलाय. कुनी बगितला?”

“मुकादमाच्या बहिणीनं!” मी ओरडलो.

“अजून कुनी?”

कुणी नाही. चाचा पायरीपर्यंत आले. एक हात साखळीवर, म्हणून दाराबाहेर येता येईना. तिथूनच म्हणाले, “मुकादम, ईदेचं काय ते मौलवी ठरवतील. भोंग्याचं मी ठरवनार. तुमी सांगा. तुमाला दिसला?”

सगळी गच्ची मुकादमाकडं बघायला लागली. काटा उतरत होता. अजून थोडा वेळ, आणि भोंगा म्हणजे नुसती फुस्स. मी त्याच्या कानाशी लागलो. “व्हय म्हणा. बहिणीला दिसलाय म्हंजे हायच की. व्हय म्हणा आन् मोकळे व्हा!”

आठवडाभर ज्यानं भोंग्यासाठी नरडं फोडलं, त्याला एक अक्षर उच्चारायचं होतं. भोंगा त्याचा होणार होता, त्याच्या दिवशी, त्याच्या बहिणीसमोर. तो माझ्याकडं वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मला न्हाई दिसला. न्हाई दिसला तर व्हय कसं म्हनू? खोटं सांगून गावाचा रोजा बुडवू व्हय रं?”

झाळणाऱ्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मी बघायचं टाळलं. माणूस एवढा मोठा होताना मी जवळून कधी पाहिला नव्हता. आणि मी जागोजागी पैलवान, वाघ, हत्ती, सगळं पाहिलेलं आहे असं सांगत आलोय.

मग त्याची बहीण पुढं आली. मधली मोकळी जागा ओलांडून सरळ आली, ताट एका हातावर तोलून. दुसऱ्या हातानं तिनं त्या मान नसलेल्या माणसाची हनुवटी धरली, आणि लहान पोराची धरावी तशी वर केली. “त्या फांदीवरनं ने नजर. आता जरा उजवीकडं. हां. थांब तितंच.”

मुकादम थांबला.

“दिसला,” तो आधी हळू म्हणाला. मग ओरडला, “दिसला! चाचा, दिसला! देवाशपथ दिसला!”

“हाय! हाय!” झाळणाराही ओरडला. त्याच्या मागून सगळेच. मलाही दिसला. नखाची कड कापून टाकावी एवढाच, त्याहून बारीक; ढगाच्या वर टेकलेला.

आणि चाचांनी साखळी ओढली.

वाफ थोडीच उरली होती, म्हणून भोंगा चढला नाही. त्याचा तो गाव उठवणारा आवाज निघालाच नाही. जो निघाला तो खालच्या पट्टीतला, जाडसर, कधी न ऐकलेला. शेजारच्या माणसाचं बोलणं त्यातून ऐकू येत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. चाचा साखळी कशी सैल सोडत होते, कशी धरत होते, ते त्यांनाच ठाऊक. उरलेल्या वाफेतून त्यांनी तो असा पुरवून पुरवून काढला की संपत आला, संपत आला म्हणेस्तोवर आणखी थोडा निघायचा. नदीपलीकडून कुत्री भुंकायला लागली आणि तीही गप्प झाली. बायकांनी ताटं उचलली आणि चांदाला ओवाळायला लागल्या. मोहल्ल्यातल्यांनी तळहात उघडून तोंडापुढं धरले. एकाच बाजूला तोंड करून. मला कुठं बघावं कळेना. साहेबांनी चष्मा काढला होता आणि तो पुसायचं विसरून नुसता हातात धरला होता.

भोंगा थांबल्यावरही कुणी हललं नाही. मग मुकादम जिना उतरून बॉयलरच्या दाराशी गेला. चाचा फावड्याच्या दांड्याला टेकून बसले होते.

“चाचा,” मुकादम म्हणाला, आणि साहेब मागंच जिन्यात उभे आहेत हे दिसत असूनही म्हणाला, “ईद मुबारक.”

चाचांनी वर बघितलं. “आवं, बहीन ताट घिऊन खोळंबलीया. चार वर्सांनी आलीया न्हवं? जावा आदी, ओवाळून घ्या.”

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली, पण मोहल्ल्यातले ईदेला होते. नमाज झाल्यावर चाचा नवा पांढरा अंगरखा घालून फक्त भट्टी बघायला म्हणून आले. त्यांना राहवायचं नाही. मी शीरखुर्म्याच्या आशेनं त्यांच्यामागं. तर बॉयलरच्या खोलीत साहेब. एकटेच. साखळीखाली उभे.

“चाचा,” साहेब म्हणाले, “हे काल तुम्ही कसं केलंत? मी ओढून बघू?”

काटा पुरता भरलेला होता, सकाळचीच वाफ. चाचा बाजूला झाले. साहेबांनी दोन्ही हातांनी साखळी धरली, पाय रोवले आणि हिसडा दिला. छपरावरून असा एक आवाज निघाला, की फाटकाबाहेर बांधलेल्या बैलांनी दावी तोडली. कुणीतरी शेळीच्या शेपटीवर पाय द्यावा, आणि ती शेळी गिरणीएवढी असावी.

साहेबांनी साखळी सोडून दिली. चेहरा पांढरा. चाचांनी दाढीवरून हात फिरवला आणि अगदी अदबीनं म्हणाले, “साहेब, बकरी ईदेला अजून दोन महिने हाईत.”

क्षणभर मला वाटलं, गेली नोकरी. चाचांची आणि हसलो म्हणून माझीही. पण साहेबांचेच खांदे हलायला लागले. ते भिंतीला धरून हसले, इतके की चष्मा नाकावरून खाली आला. मग डोळे पुसत मला म्हणाले, “कारकून, ते खोकं परत पाठवायचं असेल तर रेल्वेची पावती कुठंय?”

पावती माझ्याकडं होती. मी ती हरवली आहे असं सांगितलं नाही. काढून साहेबांच्या हातात ठेवली. खरं बोललो ते एवढं एकदाच.